शंकररावांचा कान

महूच्या भीमगीत पार्टीत एक रीत होती. वाद्य घ्यायचं तर शंकररावांनी डोळे मिटून ऐकायचं. त्यांनी मान हलवली की घ्यायचं. तीस वर्षं तेच पार्टीत कीबोर्ड वाजवत होते.

म्हणून इंदूरला वाद्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा पार्टीचा चालक संघदीप त्यांना घेऊन आला. सोबत गायिका धम्मदीना. शंकरराव नाही म्हणाले नाहीत. दिवाळीपासून कीबोर्डच्या वरच्या पट्ट्या त्यांना ऐकूच येत नव्हत्या. बोटांना सवय होती, त्यावर निभत होतं. हे कळलं की आपली जागा गेली, हे ते जाणून होते.

नवा सिंथेसायझर त्यांनी खालच्या पट्ट्यांवरच वाजवून पाहिला. पोटात घुमणारा आवाज होता. मन भरलं.

"आता हा इको बघा, अंकलजी," विक्रेता म्हणाला. "टिफिनएवढा डबा, पण आवाज विहारात गायल्यासारखा."

"काकांना सांगू नका, ऐकवा," धम्मदीना हसून म्हणाली आणि माईक घेऊन गाऊ लागली.

शंकररावांनी डोळे मिटले. तिचा आवाज दूर जाऊन परत येत होता. मग गाणं थांबलं. कडवं संपलं असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी मान हलवली.

"साफ आहे. घेऊन टाक."

डोळे उघडले तर आजूबाजूच्या लोकांनी कानांवर हात दाबले होते. विक्रेता धावत जाऊन बटन फिरवत होता. माईकची शिटी वाजत होती, कान फाडणारी.

संघदीपने हळूच कानांवरचे हात काढले.

"काका, कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"आणि आम्ही म्हणायचो, काका आजकाल कोणाचं ऐकतच नाहीत."

कोणी हसलं नाही.

"मी खालच्या पट्ट्या सांभाळीन, संघदीप."

"गाणं खाली थांबतं का, काका?" तो विक्रेत्याकडे वळला. "भिया, स्वतःहून साथ देणारं मशीन आहे का? बटन दाबलं की चालू, असं."

"है ना, भैयाजी."

धम्मदीना माईकची वायर गुंडाळत राहिली.

"चौदा एप्रिलला या नक्की," संघदीप म्हणाला. "तुमची खुर्ची पहिल्या रांगेत ठेवतो."

"मागे ठेव," शंकरराव म्हणाले. "पुढून बटनं दिसतील."