लाईट नसतानाचा हिशोब

“आधी अंधार किती लांबचा आहे ते बघ, मग तेल ओत. नुसतं भांडं बघून ओतू नकोस.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा सून घरात नवीन होती आणि देवापुढचा दिवा पहिल्यांदाच तिच्या हाती आला होता. तेव्हापासून तिचा नेम सुरू झाला. संध्याकाळी लावलेला दिवा सकाळच्या प्रार्थनेपर्यंत तेवला पाहिजे, आणि सकाळी उठल्यापासून प्रार्थना होईपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. नेम साधाच, पण पाळायचा म्हणजे आजारपण, पाहुणे, भांडण काही आड येऊ द्यायचं नाही.

आता सासूबाईंना ऑक्सिजनच्या मशीनवाचून राहता येत नव्हतं. पलंगाशेजारी ठेवायचं मशीन, ते हवेतला ऑक्सिजन ओढून नळीतून नाकापर्यंत पोचवी. पण त्याला लाईट हवी, आणि या वस्तीत लाईटचा काही नेम नव्हता. कधी तासाभरात परत येई, कधी दिवस दिवस तोंड दाखवत नसे. म्हणून सासूबाईंना लेकीकडे हलवावं लागलं, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. तिच्या इमारतीत लाईट सहसा जात नसे.

गाडीत बसवताना सासूबाईंनी सुनेचा हात सोडलाच नाही. “तिकडे सगळं छान आहे गं. पण मला माझ्या खोलीत आण.”

“आणते, आई. त्या खोलीत लाईट जाणार नाही अशी सोय करते, आणि मी स्वतः तुम्हाला न्यायला येते.”

नणंदेनं ते ऐकलं आणि नाक मुरडलं. “वहिनी, तुझ्या जपावर मशीन चालत नाही हं. सोय कर, मग मी डोळ्यांनी बघणार. मशीन एकदा जरी गप्प झालं, तर आई कायमची माझ्याकडे. मग रडत यायचं नाही.”

“बरं, वन्सं,” सून म्हणाली. तिचा आवाज कधी चढत नसे, त्यामुळे ती ऐकून घेते म्हणजे मान्य करते असा सगळ्यांचा समज होता.

दुसऱ्याच आठवड्यात सोलारवाला आला. तरुण, हसतमुख, गळ्यात मोजपट्टी. आल्या आल्या त्यानं विजेचं बिल मागितलं, त्यावरून नजर फिरवली आणि खूश झाला. “काकू, तुमचा वापर अगदीच कमी आहे. छोटा संच पुरेल. चार पॅनल, एक बॅटरी, काम फत्ते.”

“वापर कमी आहे, कारण लाईटच नसते,” सून म्हणाली. “हे बिल लाईट असतानाचं आहे, दादा. मला लाईट नसतानाचा हिशोब हवाय.”

सोलारवाल्यानं बिल खाली ठेवलं. मग मोकळेपणानं हसला. “खरं आहे. चला, मग घरच फिरून बघू.”

दोघं खोलीखोलीतून फिरले. सुनेचा नवरा मागे, त्याच्या मागे सासरे. ही मिरवणूक बैठकीत आली तेव्हा नवऱ्यानं हळूच एसीकडे बोट दाखवलं. “हा पण धरायचा का?”

“अहो, एसी दमला तर घाम येईल,” सून म्हणाली. “मशीन दमलं तर?”

नवऱ्यानं बोट खिशात घातलं.

ती सासूबाईंच्या खोलीत उभी राहिली. मशीन दिवसरात्र चालणार, हे पहिलं. मग तिथला पंखा, दिवा. स्वयंपाकघरातला फ्रिज, कारण औषधं त्यात. बाकी सगळं नंतर. सोलारवाल्यानं मशीनच्या पाठीवरची पट्टी वाचून सांगितलं की ते साडेतीनशे वॅट खातं. एकदम बघितलं तर इस्त्रीपेक्षा कितीतरी कमी, पण इस्त्री तासाभरात बाजूला ठेवतात, हे कधीच थांबणार नाही. त्यामुळे दिवसाचा आकडा आठ युनिटांच्या वर गेला तेव्हा सासऱ्यांनी भुवया उंचावल्या. “एवढुसं डबडं, आणि फ्रिजला मागे टाकतं?”

“आणि ढग आले तर?” सुनेनं विचारलं. “ऊन निम्मंच पडलं तर?”

“तर पॅनल दुप्पट लावायची, म्हणजे निम्म्या उन्हातही भागेल. आणि बॅटरी अशी, की संध्याकाळी भरलेली असली तर दुसऱ्या दिवशीच्या दुपारपर्यंत एकटी ओढेल. तरी ऑक्सिजनचा सिलेंडर उशाशी ठेवाच, काकू. यंत्र ते यंत्र.”

“ठेवणारच,” सून म्हणाली. गच्चीवर पाण्याच्या टाकीची सावली दुपारनंतर कुठवर सरकते तेही तिनं दाखवलं. रोज कपडे वाळत घालणारीला ते पाठच असतं. त्यानं पॅनल पलीकडच्या बाजूला घेतली.

संच बसला. दुकानातून एक मशीन भाड्यानं आणलं आणि परीक्षेची सकाळ ठरली. नणंद भल्या पहाटे येऊन खुर्चीत बसली, जणू निकाल तिच्या पर्समध्येच होता. सुनेची प्रार्थना अजून व्हायची होती, म्हणून तिनं नुसतीच मान हलवून स्वागत केलं. नवऱ्यानं मेन स्विच खाली ओढला.

दिवे क्षणभर डोळा मिटल्यासारखे झाले आणि पुन्हा लागले. मशीन चालूच.

आणि तिथेच घात झाला. या घरात वर्षानुवर्षं एकच शिस्त होती: लाईट आली की धावायचं. पुन्हा कधी जाईल त्याचा भरवसा नसे. दिवे लुकलुकलेले दिसताच सासरे सवयीनं ओरडले, “आली रे आली!” आणि पाण्याच्या मोटारीच्या बटणाकडे पळाले. नवऱ्यानं शर्ट घेऊन इस्त्री लावली. बाथरूममध्ये गीझर कुणी लावला ते शेवटपर्यंत कळलं नाही. सून दोन्ही हात हलवत मध्ये आली, पण तोंडातून शब्द काढता येईना. सासऱ्यांना वाटलं, ती टाकी भरा म्हणतेय. “भरतो, भरतो!” म्हणत त्यांनी बटण दाबलं.

मोटार एकदा घुरघुरली. इन्व्हर्टरनं कण्हल्यासारखा आवाज केला, आणि घर अंधारात बुडालं. मशीन टीं टीं करत ओरडू लागलं.

नणंद उठली. तिनं पर्स खांद्याला लावली. “आई आत असती तर?” एवढंच म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

सुनेनं प्रार्थना पूर्ण केली. त्या दिवशी तिचे ओठ हलत होते पण मन मोटारीपाशी होतं. बाहेर आली तेव्हा सासरे ओशाळून कोपऱ्यात उभे होते, नणंद चपला घालत होती.

“वन्सं, मला अजून एक संधी द्या. मशीन बंद पडलं हे बरं झालं. रिकाम्या पलंगाशेजारी बंद पडलं.”

नणंदेनं चपलेचा पट्टा घट्ट केला. “एकच. शेवटची.”

दुपारी सोलारवाला धावत आला. सासरे म्हणाले, “दुप्पट मोठा इन्व्हर्टर बसव, पोरा! एकदाचं सगळं चालू दे.”

“मामंजी, दुप्पट बसवला तर आपण चौपट धावू,” सून म्हणाली. “आपले पाय मी ओळखते. दादा, असं नाही का करता येणार, की आम्ही कितीही धावलो तरी त्या खोलीपर्यंत पोचणारच नाही?”

सोलारवाल्यानं टाळी वाजवली. “येईल की! दोन बोर्ड करू. आईंची खोली आणि फ्रिज बॅटरीवर. मोटार, गीझर, इस्त्रीचा प्लग सगळं बाहेरच्या लाईटवर. लाईट गेली की ती बटणं मेली. दाबा, नाचा, काही करा.”

“आणि त्या खोलीत कुणी इस्त्री आणून लावली तर?”

“काकू, असं कोण करील?”

सुनेनं नणंद बसली होती त्या खुर्चीकडे बघितलं. म्हणून त्यानं इन्व्हर्टरच्या हिशोबात तेवढ्या भारापुरतीही जागा धरली.

दुसऱ्या परीक्षेला आकाशानं भरपूर ढग आणले. आदल्या दुपारी मेन स्विच खाली ओढला होता, रात्र मशीननं नुसत्या बॅटरीवर काढली होती, आणि नणंद आली तेव्हा ते शांतपणे सूं सूं करत होतं. बॅटरीच्या पडद्यावर अजून बरीच शिल्लक दिसत होती. ढगांतून झिरपणाऱ्या उजेडावर पॅनल सावकाश भर घालत होती.

“असं शांत बसून मला पटायचं नाही,” नणंद म्हणाली. तिनं पदर खोचला आणि सुटली. मोटारीचं बटण दाबलं, काही नाही. गीझर, काही नाही. बैठकीतल्या प्लगमध्ये इस्त्री लावली, ती थंडगार. सासरे तिच्या मागे मागे, हसू दाबत. “दाब गं, जोरात दाब. मी पण सकाळपासून तेच केलं. लाईट आली नाही तर धावायला मिळत नाही, घरात करमेना मला.”

नणंद थांबली. मग तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. इस्त्री उचलून ती थेट सासूबाईंच्या खोलीत गेली आणि मशीनशेजारच्या प्लगमध्ये खुपसली. लाल दिवा लागला. स्वयंपाकघरातून मिक्सर आणला, तोही लावला. रिकाम्या भांड्यात तो भणभणायला लागला.

सगळ्यांचा जीव टांगणीला. नवऱ्यानं डोळे मिटले.

मशीन सूं सूं करत राहिलं. दिवा लुकलुकलासुद्धा नाही. इस्त्री तापली, मिक्सर ओरडून ओरडून थकला, आणि त्या एवढ्या गोंगाटात मशीनचा श्वास एका लयीत चालू होता.

निकाल बघायला आलेला सोलारवाला दारातून ओरडला, “ताई, तुमचंही वजन धरलंय काकूंनी हिशोबात!”

आधी सासरे हसले, मग नवरा, आणि मग नणंदेलाच हसू आवरेना. तिनं मिक्सर बंद केला, इस्त्री काढली आणि पलंगाच्या कडेला बसली. नळीचं टोक हातात घेऊन गालाशी धरलं. वारा येत होता.

“वहिनी,” ती म्हणाली, “मी हे मोडायला आले होते गं.”

“म्हणून तर बरं झालं. तुमच्याइतकं कुणी मोडून बघितलं नसतं.”

“आईला आत्ता फोन करू? माझा ड्रायव्हर घेऊन येईल.”

“नको, वन्सं. तुम्ही इथंच थांबा, मशीनपाशी.”

सासऱ्यांनी खिडक्या उघडल्या, नवऱ्यानं चादर बदलायला घेतली. त्यांचा आरडाओरडा, मोठ्यानं बोलणं, सोलारवाल्याला पुन्हा पुन्हा चहाचा आग्रह, सगळं चालूच होतं. सुनेनं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. मागच्या सीटवर उशी ठेवली, छोटा सिलेंडर पट्ट्यानं नीट बांधला, नळी तपासली. मग कुणाला न सांगता फाटक उघडून गाडी बाहेर काढली, फाटक हळूच लावून घेतलं, आणि शहराच्या दुसऱ्या टोकाकडे निघाली.