नाकाशिवायचं ग्वाकामोले

तापातून उठल्यावर ताईच्या नाकाला वास येईनासा झाला, हे घरात आधी दुधाला कळलं. दूध करपून काळं झालं तरी ती ओट्याशीच उभी राहून फोनवर हसत होती. आई आतून ओरडत आली, "अगं, नाक कुठे गहाण टाकलंयस?" ताईने गॅस बंद केला, भांड्यावर वाकून दोन-तीनदा हुंगलं. मग म्हणाली, "आई, खरंच काही येत नाहीये."

डॉक्टर म्हणाले, वास परत येईल, पण कधी ते सांगता येणार नाही. आमच्यापैकी दुसऱ्या कुणाचं नाक गेलं असतं तर फारसं बिघडलं नसतं. ताईचं कामच नाकाचं. ती एका मोठ्या रेस्टॉरंटमध्ये ग्वाकामोलेची, म्हणजे ॲव्होकाडोच्या मेक्सिकन चटणीची, गाडी सांभाळायची. चाकं लावलेलं टेबल, त्यावर काळ्या दगडाचा खल, पिकलेले ॲव्होकाडो, लिंबं, कांदा, मिरच्या, कोथिंबीर. गाडी पाहुण्यांच्या टेबलाशी न्यायची आणि गप्पा मारत त्यांच्यासमोर बनवून वाढायचं. तिथला नियम कडक होता: पाहुण्यांसमोर चमचा तोंडाला लावायचा नाही, आणि एकदा वाढलं की वरून काही घालायचं नाही. त्यामुळे वाटण जमलं की नाही, हे ताई खलातून वर येणाऱ्या वासावर ठरवायची.

ती आजारी असताना गाडी दुसऱ्या मुलीकडे गेली. मुख्य शेफना सगळे पाठीमागे हेडमास्तर म्हणत. त्यांचा निरोप आला, "रविवारी दुपारी घरी येतो, हात बघतो. जमलं तर गाडी तुझी. नाही तर मागे भाज्या चिरायला ये." भाज्या चिरण्यात ताईला कमीपणा वाटत नव्हता. पण भिंतीकडे तोंड करून दिवसभर गप्प उभं राहायचं, हे तिच्याच्याने झालं नसतं. वासाचं मात्र हेडमास्तरांना माहीत नव्हतं.

"सांगून टाक ना," मी म्हटलं.

"सांगितलं तर हात बघायलासुद्धा येणार नाहीत. आधी बघू देत." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "शास्त्रज्ञबाई, तुमची ती पदवी आता नाही तर कधी कामाला यायची?"

मी रसायनशास्त्राची. तिला सांगितलं, खारट, आंबट, कडू, गोड हे जिभेचं काम, मिरचीची आग ही तर चवच नव्हे, आणि उरलेलं जवळजवळ सगळं नाकाचं. ताईने बोटावर लिंबू पिळून चाटलं, मग मीठ चाटलं. "म्हणजे मीठ-लिंबू अजून माझ्या ताब्यात आहे. कोथिंबीर गेली. कशी येते गं ती?"

"त्यात अल्डिहाइड नावाची..."

"माणसासारखं सांग."

ते मला जमलं नाही.

मग तिने जे केलं, तसं पद्धतशीर काम मी प्रयोगशाळेतही फारसं पाहिलेलं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बाकी सगळं तसंच ठेवायचं. आज फक्त मीठ, उद्या फक्त कांदा किती बारीक चिरायचा ते. डोळे मिटून ती वाटायची आणि कान खलाकडे लावायची. जाड मीठ, कांदा, मिरची आणि कोथिंबीर एकत्र रगडायला घेतली की आधी दगडावर दगड करकरतो. मीठ विरघळत जातं, पानांचं पाणी सुटतं, तशी करकर मऊ होते, आणि एका क्षणी बत्ता खलाला किंचित चिकटून सुटतो. त्या क्षणी ती म्हणायची, "हं?" मी वास घ्यायचे. पहिले काही दिवस मी मान हलवून नाही म्हणायचे. नंतर नाही म्हणायची वेळच येईना.

कच्चं-पिकलं ओळखायला तिला नाक कधीच लागलं नव्हतं. ॲव्होकाडो तळहातात धरून देठाजवळ हलकेच दाबायचा. बोटांनी चेपलं की आत डाग पडतो. "गालगुच्चा घ्यायचा नाही," ती म्हणायची, "नुसता हात फिरवायचा."

तरी भरवसा म्हणून आम्ही एक खूण ठरवली. काही बिनसलं तर मी खोकायचं.

रविवारी हेडमास्तर आले, हात धुतले आणि खुर्ची ओट्याजवळ ओढून बसले. आईने पाणी दिलं. ते "थँक यू" एवढंच म्हणाले आणि घर एकदम परीक्षेच्या वर्गासारखं झालं.

ताईने फडक्यात गुंडाळलेली कोथिंबीर सोडली, चिरली, खलात टाकली आणि रगडायला घेतली. पहिल्याच फेऱ्यात मला साबणाचा वास आला. स्वच्छ, गुलाबी, कपडे धुवायच्या साबणाचा.

मी खोकले.

"मिरची लागली वाटतं," ताई हसून म्हणाली आणि रगडत राहिली.

मी जोरात खोकले. "अगं, पाणी पी," आईने पेला माझ्या तोंडाशी धरला. "लहानपणापासून हिला ठसका लवकर लागतो बघा, शेफ."

तिखट वाटताना खोकला ही खूण ठरवणाऱ्या दोन शहाण्या बहिणी आम्हीच! पेल्याआडून मी डोळे मोठे केले. पण ताई माझ्याकडे पाहतच नव्हती. ती हेडमास्तरांच्या नाकपुड्यांकडे पाहत होती. त्या आक्रसल्या होत्या. तिने बत्ता खाली ठेवला.

"शेफ, मला वास येत नाही. तापानंतर गेलाय. काय बिघडलंय ते तुम्हीच सांगा."

"साबण," ते म्हणाले.

"अगं बाई, फडकं!" आईने कपाळावर हात मारला. "ओली कोथिंबीर सरकते म्हणालीस, म्हणून ती टिपायला मी धुतलेल्यातलं नवं फडकं घेतलं. नीट खळबळलं नसणार."

हेडमास्तर उठले. मला वाटलं, निघाले. त्यांनी ओट्यावरची न धुतलेली उरलेली जुडी उचलली, नाकाशी धरली, नळाखाली धरली, झटकली आणि ताईपुढे ठेवली.

"खल धू. पुन्हा."

या खेपेला ती बोलतही होती, जणू समोर अनोळखी पाहुणे बसलेत. करकर झाली, मऊ झाली. तिचा हात थांबला.

"वास येत नाही, मग थांबलीस कशावरून?"

"हात द्या." तिने त्यांचा हात बत्त्यावर ठेवला, वर आपला ठेवला आणि दोनच फेरे फिरवले. "चिकटला? आता सुटला. एवढंच. तुमच्याकडच्या गोंगाटात ऐकू नाही आलं तरी हाताला कळतं."

हेडमास्तरांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. मग पुन्हा बत्ता धरून स्वतः एक फेरा मारला.

ॲव्होकाडो तिने चमच्याने खलात उतरवले, अर्धे मोडले, अर्धे तसेच ठेवले. बिया काढलेला टोमॅटो, लिंबू, वर थोडा कच्चा कांदा. हिरवा रंग असा ताजा की मला लिंबाच्या आम्लाबद्दल काहीतरी सांगायचं होतं, पण मी चिप्सची पिशवी फोडून पुढे केली. हेडमास्तरांनी मक्याचा चिप बुडवून खाल्ला. मग दुसरा. तिसऱ्याला त्यांनी खलाच्या कडेचं पुसून घेतलं.

"मीठ बरोबर. आंबट बरोबर," ते म्हणाले. "उद्यापासून गाडीवरची कोथिंबीर आधी मी हुंगणार. माझ्या नाकाखालून गेल्याशिवाय गाडी हलवायची नाही. आणि अशी गोष्ट पुन्हा माझ्यापासून लपवायची नाही."

"म्हणजे गाडी...?"

"भाज्या चिरायला माझ्याकडे माणसं आहेत." दारात चपला घालताना ते आईला म्हणाले, "फडकं मात्र बदला."

दार लागल्यावर ताई ओट्याशीच खाली बसली, खल मांडीवर घेऊन. एक चिप भरून माझ्यापुढे केला.

"आता सांग. कोथिंबीर कशी येतेय? अल्डिहाइड म्हणालीस तर खल डोक्यात घालीन."

मी खाल्लं. डोळे मिटले.

"तू कामावरून आलीस की एप्रन दारामागे टांगायचीस ना," मी म्हटलं, "आणि मग सगळ्या घराला कळायचं, ताई आली. तशी."

ताईने खल नाकाशी नेला, हुंगून पाहिला, 'नाही' अशी मान हलवली आणि मग चिप्सची पिशवी जवळ ओढली.