मेहुलला कळलं त्यानंतर

सातपाटीच्या बंदरावर मेहुल रोज उभा असायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. खाडीच्या तोंडाशी बोटी दिसू लागल्या की तो दोन्ही हात वर करून त्यांना आत घ्यायचा. समुद्रातून एक बाई आपल्याशी बोलते, आपण हात केला नाही तर एकही बोट घरी यायची नाही, असं तो मानायचा. खलाशी हसायचे, पण जाता जाता त्याच्या पिशवीत मूठभर बोंबील टाकायचे.

त्याची आई जमना मासळी विकायची. नवरा वारल्यापासून घरात ती आणि हा पोरगाच. तो आंघोळ विसरतो, वाऱ्याशी भांडतो, जेवणावरून उठून जातो, हे ती गिळत आली होती. पण एकदा त्या बाईने बोलावलं म्हणून तो पाण्यात चालत गेला, गळ्यापर्यंत. दोन खलाशांनी ओढून काढला. तेव्हा जमनाने पाटी शेजारणीच्या हवाली केली आणि त्याला पालघरच्या दवाखान्यात नेलं.

तिथे डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि प्रियदर्शिनी भेटली. तिचे वडील तारापूरच्या अणुवीज केंद्रात नोकरीला. ती तिथल्याच कॉलनीत वाढलेली, आता मानसशास्त्राची संशोधक. आपल्याला आजार आहे हे रोग्याला स्वतःला उमगलं तर तो लवकर सावरतो का, याचा तिचा अभ्यास होता. ती मेहुलशी तास तास बोलायची. त्याला खोटं कधी पाडलं नाही. एवढंच विचारायची, "त्या दिवशी तू तापाने घरी होतास. मग बोटी कशा आल्या?"

गोळ्या लागू पडल्या, बोलणंही लागू पडलं. पावसाळ्याची मासेमारीबंदी उठून बोटी पुन्हा निघाल्या, तेव्हा मेहुल घरातच बसून राहिला.

"बंदरावर नाय जात?" जमनाने विचारलं.

"कशाला? कोन बाई नव्हती, आई. माजं डोकं होतं ते."

जमनाला वाटलं, पोरगा परत मिळाला. तिने देवीला नारळ फोडला.

पण मेहुलला एकदा दिसायला लागलं ते मग थांबेना. बरोबरीच्या पोरांची लग्नं झाली, पोरं झाली, हे दिसलं. आजाराआधी गावातल्या हिनाशी त्याचं लग्न ठरत होतं. ती आता केळव्याला सासरी नांदत होती. खलाशी का हसायचे, बोंबील का द्यायचे, तेही कळलं. तो आरशावर फडकं टाकून बसायला लागला. जेवण पुढे ठेवलं तर जेवायचा, नाही ठेवलं तर मागायचा नाही.

"तवा मी कामाचा तरी होतो," एकदा म्हणाला.

जमनाने ते प्रियदर्शिनीला सांगितलं.

"मावशी, आजार कळला की कितीतरी जण असे खचतात. माझ्या अभ्यासातच दिसतंय ते."

"मंग यावर औषद?"

"मी येत राहीन. डॉक्टरांशीही बोलते." याहून जास्त तिच्याकडे नव्हतं, हे जमनाला तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

त्यानंतर जमनाने जे केलं ते कुणाला सांगितलं नाही. गोळ्या तीच चहाबरोबर द्यायची. त्या पदराआड घेऊन ती चुलीत टाकू लागली आणि त्याच्या हातावर साध्या ताकदीच्या गोळ्या ठेवू लागली. वेडा का होईना, हसणारा मेहुल तिला हवा होता.

आवाज परत आला. पण ती समुद्रातली बाई आली नाही. आता पुरुषांचे आवाज होते, चार-पाच, आणि ते त्याला शिव्या घालत होते. जमना वलांडीवर, बांबूच्या मांडणीवर, बोंबील वाळत टाकत असताना तो घरातून ओरडत बाहेर आला. कान दाबून मासळीच्या ओल्या चिखलात गुडघ्यांवर बसला.

"खरं नाय ते, आई. मला म्हाईत हाय खरं नाय. तरी बोलतात!"

पूर्वी त्या बाईची तरी त्याला सोबत असायची. आता तो एकटा होता. जमनाने त्याचं डोकं पोटाशी धरलं. तिच्या हाताचा मासळीचा वास त्याच्या केसांना लागला.

त्याच दिवसापासून तिने कुणाला न सांगता खऱ्या गोळ्या पुन्हा सुरू केल्या. या वेळी त्या पहिल्यासारख्या लागू पडल्या नाहीत. आवाज हळू झाले, गेले नाहीत. डॉक्टर म्हणाले, मध्ये गोळ्यांत खंड पडला असेल तर असं होतं कधीकधी. जमना जमिनीकडे बघत राहिली.

अभ्यास संपत आला तेव्हा प्रियदर्शिनी घरी आली. मेहुलने तिच्या सगळ्या प्रश्नांची सरळ उत्तरं दिली. हो, आजार आहे. हो, गोळ्या लागतील. हो, आवाज डोक्यातले आहेत.

मग त्याने विचारलं, "मॅडम, बाकीचे बरे झाले?"

"काही जण. एकजण बोईसरला कारखान्यात पॅकिंगला जातो."

"त्याला हसू येतं?"

प्रियदर्शिनीने पेन बंद केलं. "मी विचारलं नाही रे कधी."

मेहुलने मान हलवली, जणू तेवढंच त्याला हवं होतं. तो आत जाऊन भिंतीकडे तोंड करून आडवा झाला. जमनाने प्रियदर्शिनीपुढे आणि स्वतःपुढे चहा ठेवला. तो निवून गेला तरी कुणीच कप उचलला नाही.