जांभई देऊन मागितलेलं विमान

सकाळपासून साहेब वाटाघाटींच्या टेबलाशी बसले होते. दोन देशांमधल्या विमानफेऱ्या ठरवायच्या होत्या. अलीकडे साहेब आणि त्यांची माणसं, पलीकडे दुसऱ्या देशाच्या शिष्टमंडळाच्या प्रमुख बाई आणि त्यांची. राजधान्यांमधल्या फेऱ्यांवर बाचाबाची झाली, मालवाहू विमानांवर तर दोघांनी एकमेकांच्या नाकी नऊ आणले. पण साहेबांचा सगळा जीव अडकला होता तो बाईंच्या देशातल्या एका आडबाजूच्या शहरात.

तिथे त्यांची धाकटी बहीण राहायची, नुकतीच बाळंत झालेली. आईला नात बघायची होती. पण मध्ये एका अवाढव्य विमानतळावर उतरून अर्धा दिवस ताटकळायचं, तेही असल्या दुखऱ्या गुडघ्यांनी? "थेट विमान आणतोच मी," असं साहेब आईला सांगून बसले होते. सांगून बसले खरे!

या धंद्याची एक रीत आहे. जे सगळ्यात जास्त हवं ते सगळ्यात शेवटी मागायचं, आणि तेही जांभई देत. साहेबांनी तसंच केलं. कागद आवरता आवरता म्हणाले, "आणि हो, ते छोटं शहर. जमलं तर बघा, नाही जमलं तरी चालेल."

बाई हसल्या. "मालाच्या वजनावरून तासभर भांडलात, आणि हे नाही जमलं तरी चालेल? म्हणजे तुम्हाला हेच हवंय."

घ्या! ही रीत कोळून प्यायलेल्या बाईंपुढेच ही नाटकं करायची होती का? साहेबांनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. बाईंनी लगेच बदल्यात काय हवं ते सांगितलं: त्यांच्या विमानांना इथले प्रवासी भरून पुढे तिसऱ्या देशात नेऊ द्यायचे. म्हणजे आपल्या विमान कंपनीच्या तोंडचा घास काढून त्यांच्या ताटात वाढायचा. शेजारी बसलेले उपसचिव डोळे वटारून बघायला लागले. साहेबांनी पेन उचललं, ठेवलं, पुन्हा उचललं, आणि मसुद्यातलं ते शहर खोडलं.

चहाच्या सुट्टीत ते व्हरांड्यात नुसते येरझारा घालत राहिले. चहा तसाच निवला. शेवटी त्यांनी फोन लावला.

"आई, नाही जमलं गं थेट विमानाचं."

आई लगेच म्हणाली, "एवढंच ना? मला कुठे घाई होती! तुला म्हटलं होतं ना, जमलं तर बघ. नाही जमलं तरी चालेल."

साहेब चालता चालता थांबले. हा सूर त्यांच्या चांगलाच ओळखीचा होता.

"मी येतो तुझ्याबरोबर," ते म्हणाले. "मध्ये उतरू, बसू गप्पा मारत. चाकांची खुर्ची मागवू, मी ढकलेन."

"तुला कुठली रे सवड?"

"रजा टाकतो. हे संपलं की लगेच."

"बाळाची झबली कधीचीच शिवून ठेवलीत मी," आई म्हणाली. "उद्याच निघता नाही का रे येणार?"