दाताचे गहू

जुमानाचा आपल्या धाकट्या भावावर दात होता, आणि तोही त्याच्या तोंडात एकसुद्धा दात नव्हता तेव्हापासून.

लोक म्हणायचे, एवढ्याशा पोरीला कसला आलाय हेवा, चार दिवस फुगेल आणि विसरेल. लोकांचं काय जातं म्हणायला! त्यांचं नाव कुणी पळवलं नव्हतं. जुमानाचं पळवलं होतं, तेही भर गल्लीत, सगळ्यांच्या देखत.

तिचा बाप निदाल रॉकेलच्या शेगड्या दुरुस्त करायचा. डोंगरातल्या आमच्या सल्त गावात थंडी पडली की घरोघरी शेगडी पेटते आणि निम्म्या घरांत ती धूर ओकते, त्यामुळे हिवाळाभर निदालला खालून हाका येत. आमच्याकडे लेकरं झालेल्या माणसाला नुसत्या नावाने हाक मारणं बरं दिसत नाही. जुमाना झाली तशी सगळी गल्ली निदालला 'अबू जुमाना' म्हणू लागली, जुमानाचा बाप. गल्लीच्या पायऱ्यांच्या तळाशी पावाची भट्टी असलेला म्हातारा अबू सख्र तर असा आवाज लावायचा की समोरच्या डोंगरावरच्या बकऱ्यांनी माना वर कराव्यात. निदाल खिडकीतून ओ द्यायचा, आणि आत शेगडीपाशी जुमाना अभिमानाने टम्म फुगून बसायची. आपल्या नावाशिवाय या गल्लीचं पान हलत नाही, अशी तिची खात्री होती.

मग गेल्या उन्हाळ्यात ऐहम झाला आणि एका रात्रीत बाप 'अबू ऐहम' झाला. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही. ज्या म्हाताऱ्याने पाच वर्षं तिच्या नावाने घसा ताणला, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी 'अबू ऐहम, मुबारक' म्हणून मोकळा झाला. सख्खी आई, रुला, तीसुद्धा स्वयंपाकघरातून 'अबू ऐहम, रॉकेल संपलंय' म्हणायला लागली. जुमानाने आजीला, म्हणजे तेताला, याचा जाब विचारला. तेता मसूर निवडत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "मुलीचं नाव बापाकडे पाहुणं असतं गं. मुलगा आला की त्या नावाने जागा सोडायची."

जुमानाने त्या पाळण्याकडे पाहिलं. आत तो चोर स्वतःचा पाय चोखत पडला होता.

हिवाळा आला तसं हे दुखणं वाढलं. थंडीत आमची घरं एका खोलीएवढी होतात. शेगडी असेल तिथेच जेवायचं, तिथेच झोपायचं, तिथेच भांडायचं. शेगडीजवळची ऊबदार जागा जुमानाची होती. ती ऐहमला गेली आणि जुमानाची गादी खिडकीखाली सरकली. शेगडीवर चेस्टनट भाजले की पहिला सोललेला दाणा तिचा असे. आता आईचे दोन्ही हात ऐहममध्ये अडकलेले, म्हणून आपले आपण सोलायचे आणि बोटं भाजून घ्यायची. तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पण सांगणार कुणाला? तक्रार केली की सगळे एकच म्हणणार: तू मोठी ना!

एकाच गोष्टीवर ती तग धरून होती. शुक्रवारी तिचा सहावा वाढदिवस होता. गेल्या वर्षीचा ऐहमने पोटातूनच नासवला होता. आईला उलट्या सुरू झाल्या, मेणबत्त्या विझायच्या आधी ती आत जाऊन आडवी झाली. म्हणून या वर्षी आईने डोक्यावर हात ठेवून कबूल केलं होतं की शुक्रवार फक्त जुमानाचा. इर्बिदहून हियाम मावशी तिच्या मुलींना घेऊन येणार, स्ट्रॉबेरीचा केक येणार, आणि त्या दिवशी ऐहमचं नावसुद्धा काढायचं नाही. 'नावसुद्धा' हे जुमानाने आईकडून दोनदा वदवून घेतलं.

आणि मंगळवारी तिचा दात पडला.

तीळ लावलेला, कड्यासारखा गोल कडक पाव चावताना खालचा मधला दात हातात आला. जुमाना धावत सगळ्यांना दाखवायला गेली. आई ऐहमला न्हाऊ घालत होती. तिने "अरे वा" म्हटलं आणि साबण मागितला. तेताने मात्र नीट पाहिला. पडलेला पहिला दात सूर्याकडे फेकायचा आणि म्हणायचं: सूर्या, घे हा गाढवाचा दात आणि दे मला हरणाचा. पण सूर्य होता कुठे? आठवडाभर गावावर ढग बसलेले, पाऊस थांबला की गारा आणि गारा थांबल्या की धुकं. तेता म्हणाली, ऊन पडेपर्यंत जपून ठेव. जुमानाने दात सुरम्याच्या रिकाम्या डबीत ठेवला आणि डबी खिडकीत, म्हणजे सूर्य आलाच तर त्याला आधी दिसेल.

बुधवारी दुपारी आई कपडे वाळत घालायला शेगडीभोवती दोऱ्या बांधत होती. तिने जुमानाला भावाजवळ बसवलं. ऐहमने लाळेने भिजलेला हात पुढे करून तिचं बोट धरलं, तोंडात घातलं आणि चावला.

चावला, म्हणजे खरंच चावला. जुमानाने बोट ओढलं. मग पुन्हा घालून चाचपलं. खाली, मधोमध, तांदळाच्या कणीएवढं टोक. जिथून तिचा गेला होता, नेमक्या तिथेच.

कालपर्यंत हे तोंड बोळकं होतं. काल तिचा पडला, आज त्याला आला. हिशोब अगदी सरळ होता. ढगांमुळे सूर्याला दिसलं नाही, आणि तिच्यासाठी निघालेला हरणाचा दात त्याने चुकून शेजारच्या गादीवर टाकला. नाव गेलं, जागा गेली, आता दातही!

तिला रडू येणार होतं, पण त्याआधी दुसरं काहीतरी आठवलं. लेकराला पहिला दात आला की आमच्यात गहू शिजतात. साखर, बडीशेप, बदाम, वर डाळिंबाचे दाणे, आणि अख्ख्या गल्लीत वाट्या जातात. बायका येतात, बाळाच्या मांडीवर भेटी ठेवतात. गव्हाची बरणी तेताने केव्हाच काढून ठेवली होती. दात जो पहिल्यांदा पाहील त्याने बाळाला अंगावर घालायला काहीतरी द्यायचं, म्हणून मोठी माणसं ऐहमच्या तोंडात बघायला लटकंच घाबरायची आणि हसायची. आज दात कळला तर आज गहू भिजणार, उद्या शुभेच्छांचे फोन आणि शुक्रवारी सगळा गाव ऐहमच्या भोवती. तिचा केक कोपऱ्यात.

जुमानाने चोखणी उचलली आणि त्याच्या तोंडात कोंबली.

त्या क्षणापासून ती इतकी गुणी झाली की बघणाऱ्याला संशय यावा. भावाला मीच सांभाळते, भावाला मीच भरवते. तो हसायला लागला की ही डोळे वटारायची, कारण हसला की दिसणार. तेता त्याच्या हिरडीला मध लावायला आली तर हिने तेताचा चष्माच लपवला आणि मग शोधून दिला. आई कौतुकाने म्हणाली, बघा, माझी पोर शहाणी झाली. जुमानाला त्या कौतुकाने आणखीच चीड आली. इतके दिवस शहाणी होते तेव्हा कुठे होतात?

पण दात काही चोखणीचं ऐकत नाही. रात्रभर ऐहमने घर डोक्यावर घेतलं. गुरुवारी सकाळी अंग कोमट, गाल लाल, दूध नको, चोखणी नको. रुलाच्या डोळ्यांखाली काळं झालं. छातीत थंडी भरली असेल, ती म्हणाली. दवाखान्यात न्यावं तर बाहेर बर्फाची भुरभुर, पायऱ्यांवर पाय ठरत नव्हता. दुपार होईतो तो रडून रडून घोगरा झाला. जुमाना खिडकीखाली पाठ करून बसली होती. त्याचा हुंदका आला की तिचेही खांदे हलत, पण ती वळली नाही.

शेवटी रुलाने फोन उचलला. "हियामला सांगते, उद्या येऊ नका. पोरगं आजारी आहे, कसला वाढदिवस करायचा?"

आता बोला! सांगितलं तर गहू, नाही सांगितलं तर केकही नाही. इकडे आड तिकडे विहीर. जुमानाने आईच्या हातातल्या फोनकडे पाहिलं, भावाच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं आणि तिला दोघांचाही संताप आला.

"तो आजारी नाहीये," ती म्हणाली. "त्याला दात आलाय."

तेता चमचा घेऊन आली. तिने तो ऐहमच्या खालच्या हिरडीवर हलकेच आपटला. टिक्. तेताने तोंडावर हात ठेवून आनंदाची लांब किलकारी दिली. रुला मात्र जुमानाकडे बघत होती.

"तुला कधी कळलं?"

"काल."

"आणि तू त्याला रात्रभर रडू दिलंस?"

"तो माझा दात आहे," जुमाना म्हणाली, आणि मग सगळंच बाहेर पडलं. "सूर्याने चुकून त्याला दिला. माझं नाव पण त्यालाच दिलंत. उद्या गहू कराल, मग सगळे त्याचेच होतील. तू म्हणाली होतीस नावसुद्धा काढायचं नाही."

तेता हसून हसून खोकायला लागली. रुला हसली नाही. रागावलीही नाही, आणि तेच जुमानाला जास्त लागलं. रुलाने फोन कानाला लावला आणि हियामला सांगितलं की उद्या यायचंच आहे. मग तिने गव्हाची बरणी तेताकडे दिली आणि ऐहमला उचलून जुमानाच्या मांडीवर ठेवलं. "धर. मी तासभर झोपते. चोर असो की साव, आपलाच आहे."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, असं म्हणतात ते काय उगीच? जुमाना त्याला धरून बसली. हिरडी चोळायला तिने बोट दिलं. तो चावत होता आणि दुखत होतं, पण तो गप्प राहिला. तिचा राग मात्र गेला नव्हता. राग असा थोडाच जातो.

शुक्रवारी झालं ते अगदी तिला भीती होती तसंच. गल्लीतल्या बायका आल्या त्या थेट ऐहमकडे. कुणी टोपी आणली, कुणी खुळखुळा. केकवर सहा मेणबत्त्या लागल्या, विझल्या, मावशीने तिचे मुके घेतले, मावसबहिणींनी कागदाचा मुकुट घातला. आणि मेणबत्त्यांचा धूर विरतोय तोच कुणीतरी म्हणालं, चला, आता बाळाला आणा. तेताने ऐहमला चादरीवर बसवलं, डोक्यावर गव्हाचे चार दाणे टाकले, दात असेच सोपे येवोत म्हणाली. मग तिने सगळ्यांवर नजर फिरवली.

"दात पहिला पाहिला कुणी? त्याने द्यायचं काय ते द्यावं."

रुला म्हणाली, "जुमानाने पाहिला."

सगळ्या माना वळल्या. कुणी म्हणालं, बहिणीने पाहिला म्हणजे भाग्याचा. कुणी म्हणालं, सांग ना कसा पाहिलास. कालपर्यंत हेच ऐकायला ती जीव टाकत होती. पण आता ती उठली, कपाटापाशी गेली आणि आपल्या लहानपणचा लोकरीचा लाल मोजा घेऊन आली. एकच. तो तिने ऐहमच्या पायात चढवला.

"आणि दुसरा?" हियाम मावशीने विचारलं.

"दात एक, मोजा एक," जुमाना म्हणाली. "दुसरा आला की बघू."

बायका इतक्या हसल्या की शेगडीवरची किटली कुणाला ऐकू गेली नाही. हसण्यात रुलाही होती, आणि या वेळी ती जुमानाकडे बघून हसत होती.

दुपारी बायका पांगल्या तेव्हा निदाल खोलीत डोकावला. म्हणाला, ऊन पडलंय, डबी घे. दोघं गच्चीवर गेली. कठड्यावर बर्फ पातळ होऊन टपकत होता. समोरचा डोंगर इतक्या दिवसांनी दिसत होता. निदालने तिला खांद्यावर घेतलं.

"बाबा," ती वरून म्हणाली, "तू आता परत कधीच अबू जुमाना नाही होणार?"

निदालच्या पुढ्यात बिघडलेली कुठलीही शेगडी ठेवा, तो हात घालायचा. इथे मात्र तो म्हणाला, दात फेक आधी, ढग येतील. जुमानाने हात मागे नेऊन जोर लावून दात फेकला. सूर्या, घे हा गाढवाचा, दे मला हरणाचा. आणि हळूच पुढे म्हणाली, माझ्याच घरी दे, माझ्याच गादीवर.

तेवढ्यात खालून आवाज आला. अबू सख्र पायऱ्यांच्या तळाशी उभा होता. गव्हाची वाटी रिकामी परत करायची नसते, म्हणून तो तीत गरम पाव घेऊन आला होता, आणि त्या निसरड्या पायऱ्या चढायची त्याची तयारी नव्हती.

"अबू ऐहमऽऽ!"

निदालने ओ द्यायला तोंड उघडलं. जुमानाने खांद्यावरून वाकून त्याच्या तोंडावर आपला तळवा ठेवला, दात आवळून, घट्ट.

"अबू ऐहमऽऽ! अरे, आहेस का?"

निदाल हलला नाही. तो तिचा हात सहज काढू शकला असता. त्याने काढला नाही.

खाली म्हातारा कुरकुरला. पाव गार होत होते. त्याने मान वर केली, छाती भरून घेतली आणि पाच वर्षांच्या सवयीने, जसं तोंडात आलं तसं, डोंगराला ऐकू जाईल असं ओरडला:

"अबू जुमानाऽऽऽ!"

जुमानाने बापाच्या तोंडावरचा हात काढला.

"आता दे ओ," ती म्हणाली.