पान दोनशे चौदा

त्या पुस्तकाचा सुनंदाला आता वीट आला होता. दोन महिने झाले, ते जेवणाच्या टेबलावर ठाण मांडून बसलं होतं. ताटं मांडायची म्हटली की आधी ते उचला, जेवणं झाली की परत आणून ठेवा, कारण जयवंतरावांना ते तिथंच लागायचं. तीनशे पानांचं पुस्तक. माणूस रोज दोन तास वाचत बसतो म्हटल्यावर पंधरा दिवसांत संपायला हवं. पण हे महाशय पान दोनशे चौदापर्यंत पोचायचे, चष्मा काढून ठेवायचे, खिडकीबाहेर बघत बसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करायचे.

पुस्तक होतं एका ज्यू बाईच्या आठवणींचं. नाझींच्या छावणीतून ती एकोणिसाव्या वर्षी जिवंत सुटली, घरातली बाकी सगळी तिथंच संपली, आणि साठी उलटल्यावर तिनं हे लिहून काढलं. कुणीतरी त्याचं चांगलं मराठी केलं होतं. चंदनसारच्या त्यांच्या सोसायटीत जितेंद्र नावाचा एक उत्साही माणूस ऑफिसशेजारच्या खोलीत वाचनालय चालवायचा, तिथून ते आलं होतं. जितेंद्रचा दर चार दिवसांनी फोन यायचा. "काकू, तीन जण नंबर लावून बसलेत हो. काकांचं झालं का?"

"काकांचं काय चाललंय ते मला कळलं तर तुला सांगेन ना!" सुनंदा फणकारायची.

तिला राग पुस्तकाचा नव्हता. राग होता तो नवऱ्याचा. कुठल्या परक्या देशातल्या बाईचं दुःख हा माणूस पान पान करून वाचतो आणि स्वतःवर जे गुजरलं त्याबद्दल आठ वर्षांत एक अक्षर नाही! एकदा न राहवून तिनं हे बोलूनही दाखवलं होतं. जयवंतराव शांतपणे म्हणाले, "त्यांचं कुठं, आपलं कुठं. तुलना करू नये, सुनंदा." आणि पुन्हा डोकं पुस्तकात. तुलना कोण करत होतं? ती फक्त बोला म्हणत होती.

आठ वर्षांपूर्वी ही दोघं तुळिंजला राहायची. चार मजल्यांची जुनी इमारत, दुसरा मजला. जयवंतरावांना ताप होता म्हणून ते त्या दिवशी ऑफिसला गेले नव्हते. सुनंदा बाजारात गेली. मेथीची जुडी निवडत होती, तेवढ्यात जमीन हादरली आणि लोक धावायला लागले. परत येऊन बघते तर इमारत नव्हती. सकाळी दहाला ती पडली आणि संध्याकाळी सातला जयवंतरावांना बाहेर काढलं. पाय मोडला होता, बाकी माणूस धड होता. शेजारच्या थेरेसाला त्यांच्यानंतर अर्ध्या तासानं काढलं, पण ती गेली होती. काढणारी मुलं म्हणाली, दोघं एकाच स्लॅबखाली होते, मध्ये फक्त पडकी भिंत. बाई शेवटपर्यंत बोलत होती, आम्हाला आवाज येत होता.

थेरेसा शाळेत शिकवायची, त्या दिवशी सुट्टी म्हणून घरी होती. नवरा आधीच वारलेला, एकुलती एक मुलगी विनी चौदा वर्षांची. विनी त्या दिवशी गिरीजला मामाच्या वाडीत गेली होती म्हणून वाचली. ती तिथंच मामाकडे वाढली, शिकली, नोकरीला लागली. दर नाताळात न चुकता या दोघांना भेटायला यायची, येताना वाडीतली केळी घेऊन यायची. आता जानेवारीत तिचं लग्न होतं आणि नंतर ती नवऱ्याबरोबर न्यूझीलंडला जाणार होती.

परवा तिचा फोन आला. "काकू, रविवारी संध्याकाळी येते हां मी. या वेळी मला काकांशी बोलायचंय. सिरियसली. मम्मी काय बोलली ते मला ऐकायचंय. तिकडे गेल्यावर मी कुणाला विचारू?"

"ये बाळा," सुनंदा म्हणाली, "पण काकांचं तुला माहितीये ना!"

फोन ठेवला आणि ती नवऱ्यावर उखडली. "ऐकलंत? पोरगी कायमची चाललीय. आता तरी तोंड उघडा! का तिनं असंच जायचं?"

जयवंतरावांनी तिच्याकडे बघितलं, काहीतरी बोलायला ओठ हलवले आणि मग पुस्तक जवळ ओढलं. सुनंदानं कपाळावर हात मारला.

संध्याकाळी तिनं ठाण्याला मुलीला फोन लावला. उन्नतीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, बाबा असेच कुढत राहिले ना, तर एक दिवस काहीतरी होऊन बसेल त्यांना."

"उन्नती! दिवेलागणीच्या वेळी असलं अभद्र बोलतात? वास्तू तथास्तु म्हणते!"

"झालं तुझं सुरू," उन्नती हसली. "तुझ्या घरात सातनंतर हवापाण्यावरच बोलायचं."

शनिवारी दुपारी जितेंद्रचा पुन्हा फोन आला आणि सुनंदाचा संयम संपला. जयवंतराव पाठीचा एक्सरे काढायला गेले होते. तिनं पायांत चपला सरकवल्या, पुस्तक उचललं. आत्ताच्या आत्ता नेऊन देते, म्हणाली. मग काय वाचतात बघू! पुस्तकातून खूण म्हणून ठेवलेली औषधाची जुनी चिठ्ठी खाली पडली. ती परत घालायला तिनं पान शोधलं. दोनशे चौदा. आहे तरी काय एवढं यात, असं म्हणत ती चपला घालूनच खुर्चीवर टेकली.

त्या पानावर ती मुलगी परत आली होती. मावशीच्या घरी, तिच्या घराण्यातलं उरलेलं ते एकच दार. मावशीनं पाणी तापवलं, तिचे केस धुतले, घरात होता तेवढा पाव तिच्यापुढे ठेवला. रात्री मुलगी सांगायला लागली. आईचं शेवटचं कसं झालं ते. दोनच वाक्यं झाली असतील, मावशीनं तिच्या तोंडावर हात ठेवला. "इथं नको. या घरात ते आणू नकोस. आता सगळं विसर." मुलीनं आणखी तीनदा प्रयत्न केला, तीनदा मावशीचा तोच मऊ हात. पुढं तिनं लिहिलं होतं, "लोक म्हणायचे, ही काही बोलतच नाही. मी गप्प नव्हते. मला गप्प केलं होतं, आणि जिनं केलं तिची माझ्यावर माया होती. म्हणून तर मी तिच्यावर रागावूही शकले नाही."

"काय बाई आहे ही!" सुनंदा मोठ्यानं म्हणाली. तिला त्या मावशीचा खरोखरच संताप आला. पोरीला बोलू तरी द्यायचं होतं!

आणि मग तिचा हात पानावरच राहिला.

या फ्लॅटमधली तिसरी संध्याकाळ. पायाला प्लास्टर, जयवंतराव इथंच, याच टेबलाशी. तिनं देवापाशी दिवा लावला होता. ते म्हणाले, "सुनंदा, थेरेसा तिथं मला सांगत होती..." आणि ती धावत आली होती. "अहो, नको! नव्या घरात, तिन्हीसांजेला असलं काढू नका. वास्तू तथास्तु म्हणते." ते लगेच गप्प झाले. एक घर अंगावर पडलेला माणूस, तो दुसऱ्या घराची खोड कशाला काढेल? पुढं एकदा दुपारी त्यांनी विषय काढला, तेव्हा तिनं दुपारही चालवून घेतली नव्हती. "घरात नको" म्हणाली होती. घराबाहेर काढला तेव्हा "लोक ऐकतात" म्हणाली होती. मग त्यांनी सोडूनच दिलं.

आणि विनी? पहिल्या नाताळात ती पोर काकांच्या समोर बसून "मम्मी काय म्हणाली" असं विचारायला लागली, तेव्हा तिला हाताला धरून स्वयंपाकघरात कोणी नेलं होतं? "काकांना त्रास होतो गं, विचारू नकोस," असं तिच्या केसांवरून हात फिरवत कोण म्हणालं होतं? आठ वर्षं ती गावभर सांगत सुटली होती की हे बोलत नाहीत. स्वतःच दाराला कुलूप घालायचं आणि स्वतःच ओरडायचं की उघडत का नाही! सुनंदाला स्वतःचा इतका राग आला की तिला रडूही येईना. पुस्तक तिनं टेबलावर जागच्या जागी ठेवलं. जितेंद्रला फोन करून सांगितलं, अजून आठ दिवस लागतील, आणि त्याचं उत्तर न ऐकताच ठेवून दिला.

जयवंतराव परत आले. आता बोला म्हणायला तिला तोंड नव्हतं.

रविवारी विनी आली ती उजेड उतरायला लागल्यावरच. केळ्यांची फणी टेबलावर ठेवली, लग्नाची पत्रिका दिली, दोघांच्या पाया पडली. चहा झाला. सुनंदानं देवापाशी दिवा लावला आणि येऊन बसली.

"काका," विनी म्हणाली. "मी त्या दिवशी निघताना मम्मीशी भांडले होते. निळा फ्रॉक हरवला म्हणून ती मला खूप ओरडली. मी तिला बाय पण नाही केलं. ती रागात गेली का, एवढंच सांगा. बाकी काही नको."

जयवंतरावांनी विनीकडे बघितलंच नाही. ते सुनंदाकडे बघत होते. या नजरेला ती आठ वर्षं ओळखून होती. मला सोडव, असंच ती नजर म्हणते, असं समजून दर वेळी ती मध्ये पडायची. आज तिला कळलं की हा माणूस परवानगी मागतोय.

"बोला," ती म्हणाली.

"दिवा लागलाय," जयवंतराव हळूच म्हणाले.

"लागू दे. बोला तुम्ही."

त्यांनी चष्मा काढला. मग विनीकडे वळले. "फ्रॉक हरवला नव्हता. नाताळला तू घालावास म्हणून तिनंच लेस लावायला शिंप्याकडे दिला होता. तुला कळू नये म्हणून ओरडण्याचं नाटक केलं, ते जरा जास्तच झालं, असं म्हणाली. दुपारभर तेच घोकत होती. जयवंतभाऊ, तुम्ही आधी बाहेर निघालात तर पोरीला सांगा, मी रागावलेली नाही. आणि ती गिरीजला गेली ते किती बरं झालं, हे तर दर थोड्या वेळानं." त्यांनी चष्मा टेबलावर ठेवला. "मी त्याच आठवड्यात सांगणार होतो गं तुला."

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. असती तर सुनंदाला बरं वाटलं असतं.

विनी टेबलावर डोकं ठेवून रडत होती. चौदाव्या वर्षी रडायचं राहून गेलेलं ते रडणं होतं. सुनंदाचा हात सवयीनं तिच्या केसांकडे गेला, गप्प हो बाळा म्हणायला तोंडही उघडलं, आणि तिनं ते मिटलं. रडू दिलं.

बऱ्याच वेळानं विनीनं डोळे पुसले. जयवंतराव पाणी प्यायले आणि त्यांनी पुन्हा बायकोकडे बघितलं. "अजून आहे, सुनंदा. नऊ तासांचं आहे. काही फार वाईट आहे. घरात बोलण्यासारखं नाही."

सुनंदानं खुर्ची पुढं ओढली.

"सांगा," ती म्हणाली. "वास्तूलाही ऐकू दे."