ब्राह्मी सिरियस हाय

बत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात सिस्टर म्हणून काढल्यावर खोटं कसं बोलावं हे मला कुणी शिकवायला नको. "अजिबात दुखणार न्हाय," हे वाक्य मी किती हजार वेळा बोलले असेन. पण रिटायर झाल्यावर, तेही एका झाडापायी, दर रविवारी ठरवून खोटं बोलायची पाळी येईल असं वाटलं नव्हतं.

राजारामपुरीत आमची बिल्डिंग दोन मजली. खाली मी, आक्काताई. वर शांतादेवी. तिच्या नवऱ्याचं भांड्यांचं दुकान होतं. ते वारले, दुकान विकलं, आणि मुलगा महांतेश कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी बंगलोरला गेला. माझा नवरा त्याच्या कितीतरी आधी वारलेला, मूलबाळ नाही. गच्ची मात्र आम्हा दोघींची सामाईक होती आणि तिथलं भांडणही सामाईक होतं.

दक्षिणेच्या कोपऱ्यात, दिवसभर ऊन खात, माझी कोरफड उभी. फुटकं घमेलं, त्यात निम्मी वाळू आणि विटांचा चुरा. आठ-दहा दिवसांनी तांब्याभर पाणी, पावसाळ्यात तेही नाही. जितकं तिला विसराल तितकी ती फुगते. शांतादेवीची ब्राह्मी टाकीखालच्या सावलीत, अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये, कायम चिखलात पाय सोडून बसलेली. अर्धा दिवस माती सुकली की लगेच मान टाकणार. मी म्हणायचे, "वैनी, हे झाड न्हाय, पेशंट हाय."

"आणि तुमची कोरफड म्हंजे तुमीच की ओ," ती म्हणायची. "काटं काढून हुबी. कुणी जवळ जायाचं न्हाय."

कोणतं झाड जास्त उपयोगाचं, हा वाद दहा वर्षं चालला. तव्याचा चटका बसला की ती ओरडत माझ्याकडेच यायची. मी पात कापून पिवळा चीक आधी गळू द्यायचे आणि मग गर लावायचे. तिच्या नवऱ्याने एकदा माझं न ऐकता चिकासकट रस प्यायला होता. त्या दिवशी ते संडासात, दुकान नोकराने सांभाळलं. एवढं होऊनही बाई म्हणणार, खरं औषध ब्राह्मीच. गोल पानं, ओलं खोबरं, हिरवी मिरची घालून चटणी वाटायची आणि वाटीभर माझ्याकडे पाठवायची. स्मरणशक्ती वाढते म्हणे. रोज चटणी खाऊन ही बाई चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायची. मी हसले की म्हणायची, "ब्राह्मी खाल्ली नसती तर डोकंबी शोधावं लागलं असतं."

दोन हजार दोन साली संक्रांतीनंतर महांतेश येऊन तिला बंगलोरला घेऊन गेला. सून नोकरीला, नात शांभवी लहान. जाताना तिने कॅलेंडरच्या पानामागे सूचना लिहून दिल्या. दोन वेळा पाणी, ऊन नको, देठ उघडे पडले तर चिखल लावा. "आक्का, माझी ब्राह्मी तुमच्या पदरात घालते," म्हणाली आणि डोळे पुसले. मीही तिला बिस्किटाच्या डब्याला तळाशी भोकं पाडून कोरफडीचं एक पिल्लू लावून दिलं. हिला ऊन द्या आणि पाणी द्यायचा मोह आवरा, एवढंच सांगितलं. खरं तर 'जाऊ नका' म्हणायचं होतं. मी भांडणात पटाईत, पण विनवणीत कच्ची. ते राहून गेलं.

मग गच्ची अशी गप्प झाली की विचारू नका. भांडायला माणूस नसलं की चहासुद्धा पाणचट लागतो.

रविवारी सकाळी तिचा फोन यायचा. "ब्राह्मी कशी हाय?"

"बरी हाय."

"मग काय काळजी न्हाय." शांभवीच्या शाळेचं दोन वाक्यं बोलून फोन बंद.

मार्चमध्ये दोन दिवस नळाला पाणी आलं नाही आणि ब्राह्मीची चार पानं पिवळी पडली. मी ते सहज सांगितलं. बाई अर्धा तास बोलली! चिखल कुठला लावला, टाकीची सावली सरकली का, शेजारचं मांजर ड्रममध्ये बसतंय का. मध्ये एकदा भांडलीसुद्धा. फोन ठेवला तेव्हा मला इतकं बरं वाटत होतं की बस्स. औषध सापडलं होतं.

पुढच्या रविवारपासून ब्राह्मीची प्रकृती मी बिघडवत नेली. फोन हॉलमध्ये, बाबासाहेबांच्या फोटोखाली. त्यांच्याकडे बघून खोटं बोलणं शक्यच नव्हतं, म्हणून वायर ताणून, पाठ फिरवून बोलायचे. आज देठ काळं पडलंय. आज गोगलगाय लागली. आज जरा तरतरी हाय, पण अजून चोवीस तास काय सांगता येत न्हाय. वॉर्डाबाहेर उभ्या असलेल्या नातेवाईकांशी बोलायचा आवाज माझ्या गळ्यात तयारच होता.

प्रत्यक्षात ब्राह्मी माजली होती. खोटं बोलल्याच्या टोचणीने मी तिला तीन-तीनदा पाणी घालत होते. ड्रम भरून ती खाली उतरली, पाणी जायच्या भोकात शिरली, तेव्हा दोन बादल्यांत आणखी लावली.

फोनवर शेवटी मी रीतीप्रमाणे विचारायचे, "तुमची कोरफड?"

"झ्याक हाय की."

"आणि तुमी?"

"मीबी झ्याक."

एप्रिलच्या शेवटी एका रविवारी माझा तोल गेला. म्हटलं, "वैनी, ब्राह्मी सिरियस हाय. बघून जायाचं असंल तर आत्ताच."

मंगळवारी सकाळी सातला बेल वाजली. दारात शांतादेवी. कपाळावर विभूती, हातात पिशवी, मागे रिक्षावाला मोठी बॅग उतरवतोय. तीन महिन्यांत बाई निम्मी झाली होती.

"आधी च्या घ्या," मी म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

"आधी पेशंट," म्हणाली आणि जिना चढायला लागली. मी मागोमाग, काय सांगावं ते जुळवत.

गच्चीत ती थांबली. ड्रम, दोन बादल्या, टाकीखालची सगळी फरशी हिरवीगार. मी मान खाली घालून उभी राहिले. आता ऐकून घ्यायचं ठरवलंच होतं.

ती ड्रमजवळ बसली, एक पान खुडून तोंडात टाकलं, आणि पिशवीतून बिस्किटाचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला. आतलं कोरफडीचं पिल्लू पिवळं पडून लोळलं होतं. बुडाशी सगळा चिखल.

"ह्याला झ्याक म्हणता व्हय?" माझा आवाज चढला.

"गॅलरीत ऊनच येत न्हाय ओ. समोर आठ मजली बिल्डिंग. आणि शांभवी लाडानं रोज पेलाभर पाणी घालती." तिने बोटाने डब्याची कड पुसली. "पोरगं चांगलं हाय, सून चांगली हाय. समदी जपत्यात. उठू देत न्हाईत, भाकरी थापू देत न्हाईत. दिवसभर बसून ऱ्हायाचं. भांडायला कोण न्हाय हो आक्का."

मला स्वतःचाच राग आला. बत्तीस वर्षं पेशंटचं तोंड बघून दुखणं ओळखणारी मी, आणि तीन महिने तिचं 'झ्याक' खरं मानत बसले. आपल्याच खोट्यात इतकी गुंतले होते की तिचं ऐकूच आलं नाही. मला रडू आलं आणि मी रडले. तीही रडली. मग पदराने नाक पुसून म्हणाली, "वाचंल का बघा की."

मी पिल्लू उपटलं, चिखल पुसला, सडलेली मुळं कात्रीने कापली. वरचा गाभा घट्ट होता. "वाचंल," म्हटलं. "चार दिवस सावलीत कोरडं पडू दे. मग वाळूत लावू."

दहाला महांतेशचा फोन आला. शांतादेवी त्याला म्हणाली, "व्हय तम्मा, लई सिरियस हाय. सिस्टरशीच बोल," आणि रिसीव्हर माझ्या हातात देऊन गच्चीवर पळाली.

"सिस्टर, आईला घ्यायला कधी येऊ?"

या वेळी मी पाठ फिरवली नाही. फोटोकडे बघतच बोलले. "पेशंटला ऊन पायजे. लाड कमी पायजेत. आणि आता जागा बदलायची न्हाय. तुमी शांभवीला घेऊन सुट्टीत बघायला या, पण डिस्चार्ज इतक्यात मिळणार न्हाय."

"ब्राह्मी एवढी आजारी आहे?"

"ब्राह्मी न्हाय," मी म्हटलं. "कोरफड."

तिकडून तो हळूच म्हणाला, "तुमच्यावर सोपवतो, सिस्टर."

मी फोन ठेवला, तेवढ्यात वरून हाक आली. "आक्का, माझा चष्मा कुठं बघितला का ओ?"

जिन्यातून वर बघितलं. चष्मा तिच्या डोक्यावरच होता. मी काही सांगितलं नाही. म्हटलं, शोधू दे जरा.